मिस्त्रीचं पत्र्याचं अंग

मिस्त्रीला पत्र्याशिवाय जगात दुसरं काही कळत नव्हतं. पत्र्यातलंही सगळं कळत होतं असं नाही. पण जे कळायचं त्यावर तो अडून बसायचा, आणि जे कळायचं नाही त्यावर त्याहून जास्त अडून बसायचा.

वारंगा फाट्यावर माझं चहाचं हॉटेल होतं. हॉटेल आपलं म्हणायचं. चार बाकडी, एक भट्टी आणि वर पत्रे. त्याआधी मी ट्रकवर ड्रायव्हर होतो. कंबर गेली तसा ट्रक सोडला आणि बायकोला तांड्यावरून घेऊन फाट्यावर येऊन बसलो. भट्टी तिची, गिऱ्हाईक तिचं, गिऱ्हाइकाला शिव्या घालायच्या त्याही तिनंच. मी बाकडी पुसायचो. आमच्या भिंतीला लागून मिस्त्रीचं दुकान. धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या आणि लग्नात लेकीला द्यायच्या पेट्या, हे दोनच जिन्नस तो करायचा. कुणी बादली करून दे म्हटलं तर म्हणायचा, "बादलीला झाकण असतं का? ज्याला झाकण न्हाई ते काम माझं न्हाई."

नाव त्याला होतं. पण फाट्यावर सगळे मिस्त्रीच म्हणायचे, मीही तेच म्हणत आलो. आता तो नाही, माझी बायकोही नाही. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून हे लिहून राहिलो. चौथी शिकलेल्या माणसाचं लिहिणं आहे, तसंच वाचा.

कोठी तयार झाली की मिस्त्री स्वतः तिच्यात उतरायचा. मला हाक मारायचा, "भाऊ, झाकण लावा." मी झाकण लावायचो. आत अंधारात तो उकिडवा बसून राहायचा आणि कुठून उजेडाचा ठिपका दिसतो का ते बघायचा. दिसला की आतून बोटानं टकटक करायचा. मी बाहेरून त्या जागी खडूची खूण करायची, मग तो बाहेर येऊन तिथं डाग द्यायचा. "जिथून उजाला आत येतो तिथून कीडा आत येतो," असं त्याचं म्हणणं. दुसऱ्या कुणाला आत बसवायचा नाही. म्हणायचा, लोकांना अंधारात बसता येत नाही, लवकर "दिसला, दिसला" म्हणतात.

एकदा एक परमुलखातला ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन मिस्त्रीच्या कोठीला टेकून उभा राहिला. कोठी म्हणाली, "जरा सरकके." त्या माणसानं ग्लास तिथंच सोडला आणि गाडीत जाऊन बसला. आमची ही इतकी हसली की भट्टीवरचं दूध उतू गेलं, आणि मग उतू गेलेल्या दुधाबद्दल तिनं मलाच शिव्या घातल्या.

मिस्त्री कुणाशी हात मिळवायचा नाही. समोर जे असेल त्यावर बोटाचं पेर वाजवायचा. माझ्या किटलीवर वाजवायचा, एसटीच्या दारावर वाजवायचा. एक पुढारी नवी गाडी घेऊन फाट्यावर थांबला होता, सगळे गाडीभोवती जमले. मिस्त्रीनं बॉनेटवर पेर वाजवलं, कान लावला आणि म्हणाला, "पतला है." पुढाऱ्याचं तोंड बघण्यासारखं झालं.

चहा तो आपल्या पत्र्याच्या मगातच प्यायचा. प्लास्टिकला हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचा नाही, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी प्यायचा नाही. लोकांना वाटायचं सोंग आहे. सोंग नव्हतं. त्याच्यामागं एक भांडण होतं आणि ते त्याचं सगळं घर घेऊन गेलं होतं.

मिस्त्री मूळचा वसमतजवळच्या हट्टा गावचा. बाप पत्र्याचं काम करायचा, दोघं भाऊ बापाच्या हाताखाली शिकले. मिस्त्रीची बायको लवकर वारली, लेकरू नव्हतं. धाकट्या भावाला एक पोरगी झाली, ती मिस्त्रीच्या मांडीवर वाढली. त्याला बडे अब्बा म्हणायची. हा काम करायचा आणि ती कोठीच्या उलट्या झाकणात बसून राहायची. मग नव्वदीच्या सालात गावोगाव प्लास्टिकचे ड्रम आले. हलके, स्वस्त, गंज नाही. कोठ्यांचं गिऱ्हाईक तुटलं. धाकट्यानं हातोडी ठेवली आणि प्लास्टिकचं दुकान टाकलं. तेही मिस्त्रीनं सोसलं. पण एक दिवस धाकट्यानं घरातल्याच ज्वारीसाठी ड्रम आणला आणि बापाच्या हातची कोठी अंगणात काढून ठेवली.

मिस्त्रीनं तो ड्रम उचलून रस्त्यावर फेकला. ड्रम फुटला असता तर बरं झालं असतं. तो फुटला नाही. टणाटण उड्या मारत उतारानं पार मशिदीपर्यंत गेला आणि सगळी गल्ली हसली. त्या हसण्यानं घात केला. दोघं भाऊ तरातरा बापाच्या कबरीवर गेले आणि कबरीवर हात ठेवून बोलले: आजपास्नं तुझं तोंड बघणार न्हाई, माझं तुला दाखवणार न्हाई. मिस्त्रीनं कातर, ऐरण, हातोड्या पोत्यात भरल्या आणि फाट्यावर आला.

मौलवीसाहेबांनी त्याला एकदा माझ्याच बाकड्यावर बसवून समजावलं. "मिस्त्री, कसम सोडवता येते. गरिबांना जेवू घाल, कफ्फारा होतो, कसम फिटते. भाऊ हा भाऊ असतो."

मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गरीब जेवतील, खुश होतील. पण मी अब्बाच्या कबरीवर हात ठेवून बोललोय. अब्बाला कोण जेवू घालणार?"

मौलवीसाहेब अर्धा चहा टाकून उठले.

बरीच वर्षं गेली. मी हॉटेलात टीव्ही आणला. इंग्रजी सिनेमे तेव्हा टीव्हीवर हिंदीत बोलायला लागले होते. एक दिवस असाच एक लागला. त्यात एक माणूस घरच्या घरी लोखंडाचं अंग बनवतो, ते घालतो आणि उडतो, मारामाऱ्या करतो. ड्रायव्हर लोक आ वासून बघत होते. मिस्त्री आपला चहाचा मग हातात घेऊन उभा राहिला आणि टीव्हीच्या अगदी जवळ गेला.

"आरं सरक ना मिस्त्री, काच हाय का तू?" कुणीतरी ओरडलं.

"जोड दाखवत न्हाईत साले," मिस्त्री म्हणाला. "बघा, हात दाखवतात, पाय दाखवतात, जोड न्हाई दाखवत. पावसात गेला तर आत पाणी जाईल ह्याच्या."

"त्यो उडून राहिला अन् तुला पाण्याची पडली व्हय?"

"उडंल बी. पण गंजंल."

त्यानंतर काही दिवसांनी हट्ट्याकडचा एक कापूसवाला चहाला थांबला. त्यानं मिस्त्रीला ओळखलं आणि सहज सांगून गेला की पुतणीचं लग्न ठरलं, पोरगा हैदराबादचा, उन्हाळ्यात बार उडणार. मिस्त्री उठला. दुकानात जाऊन कामाला लागला. पण त्या दिवशी त्याची हातोडी लयीत चालली नाही. आमची ही भट्टीपाशी बसून ऐकत होती. म्हणाली, "मिस्त्रीदादाला काहीतरी झालंय."

मग तो एका सकाळी आला आणि मला विचारलं, "भाऊ, तो लोखंडवाला सिनेमा परत कधी लागतो?"

"काहून?"

"त्याचं तोंड कुणालाच दिसत न्हाई," तो म्हणाला. किटलीवर पेर वाजवून म्हणाला, "अन् त्याला सगळं दिसतं."

मला आधी कळलंच नाही. हा पुतणीच्या लग्नाला तोंड झाकून जाणार हे कळलं तेव्हा मी म्हणालो, "येडा झाला का तू? फडकं गुंडाळ तोंडाला अन् जा. पत्र्याचं अंग कशाला पायजे?"

"फडकं कुणीबी ओढतं. अन् तोंडाला फडकं बांधून लग्नात कोण उभा राहू देतं, चोर म्हणून मारतील. भाऊ समोर आला तर मी आतून डोळे मिटीन."

हिला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. म्हणाली, "आमी बाया काय करतो? सासऱ्यापुढं, जेठापुढं जनमभर पदर वढून राहिलो. घरातलं सगळं बघितलं, आमचं तोंड कुणी न्हाई बघितलं. त्यानं केलं तर काय बिघडलं?"

"अगं पण लोखंडाचं?"

"त्याला लुगडं शोभंल का मंग?"

कळमनुरीचा एक बँडवाला माझ्याकडं नेहमी थांबायचा. हट्ट्याच्या त्या लग्नाची सुपारी त्याचीच होती. त्याला विचारलं. तो म्हणाला, "आजकाल मांडवाच्या गेटावर अस्वलाचं सोंग उभं करतात, उंदराचं करतात, लेकरं हात मिळवतात. लोखंडी माणूस अजून कुणी केला न्हाई. आणा."

झालं. मिस्त्रीनं कोठ्यांचं काम बंद केलं. मोडीतल्या जुन्या कोठ्या फोडून जाड पत्रा छातीला आणि पाठीला घेतला. हातापायांना तेलाच्या डब्यांचा पातळ पत्रा. कोपराला, गुडघ्याला पेटीच्या बिजागऱ्या. डोक्याला तुपाचा डबा, पुढून उघडणारा. दिवसभर ठाकठूक चालायची. फाट्यावर येणारा जाणारा डोकावून जायचा.

"मिस्त्री, किती पायली ज्वारी बसंल यात?"

"उंदीर लागंल का रं याला?"

मिस्त्री मान वर करायचा नाही. एकदाच म्हणाला, "उंदीर बाहेरून लागतो. बाहेरून लागू देत न्हाई मी."

एक गोष्ट खरी, त्यानं सिनेमा बघून केलं असलं तरी हात पेटीचे होते. अंगाला लाल ऑइलपेंट दिला आणि हात थांबेना म्हणून छातीवर गुलाब काढला, पाठीवर दोन पोपट. लग्नाच्या पेटीवर काढतात तेच. आणि तोंडाच्या झाकणाला कडी लावली ती बाहेरून. जनमभर पेट्या केलेल्या माणसाला कडी आतून लावायचं सुचणार कसं? मी दाखवून दिलं तर म्हणाला, "कडी बाहेरूनच असती भाऊ. आतून कडी कुणाच्या पेटीला बघितली तुमी?"

"पण आत तू आहेस ना!"

"मी बाहेरच्या कुणाला तरी सांगीन की."

पहिल्यांदा घालून बघितलं ते त्याच्या दुकानात. हिनं आतून घालायला जुन्या लुगड्यांची जाड बंडी शिवली होती, गोधडीसारखी टाके मारून, पत्रा कापू नये म्हणून. मिस्त्री उभा राहिला, मी कडी लावली. बरा दिसत होता. म्हणजे पेटी उभी राहिल्यासारखा दिसत होता. थोड्या वेळानं आतून टकटक झाली. आम्हाला वाटलं, नेहमीसारखा उजेड बघून राहिला. मी खडू शोधायला लागलो. टकटक वाढली. ही म्हणाली, "खडू ठेवा तो! जीव चाललाय त्याचा!" आणि धावत जाऊन तिनं कडी काढली.

आतून मिस्त्रीचं तोंड बाहेर आलं ते लालबुंद, घामानं निथळलेलं. पहिलं वाक्य काय बोलला? "जोड बराबर आहेत. उजाला कुठल्याच जोडातून न्हाई."

डोळ्यांना त्यानं फटी ठेवल्या होत्या, पण त्यांना आतून काचा बसवून कडेनं लांबीचा लगदा लावून पक्क्या केल्या होत्या.

"उजाला न्हाई अन् हवाबी न्हाई," ही म्हणाली. "छेद पाडा मागून."

"नक्को भाभी. छेद पडला की कोठी गेली."

"ही कोठी हाय का? तुमी हाव आत. तुमाला काय टिकवून ठेवायचंय का चार साल?"

तो ऐकेना. शेवटी हिनंच खिळा घेतला, हातोडी घेतली आणि पाठीच्या पत्र्याला पोपटांच्या मधोमध चाळणीसारखे छेद पाडले, आणि डोक्याच्या डब्याला हनुवटीखाली एक फट केली. मिस्त्री भिंतीकडं तोंड करून बसला. दवाखान्यात लेकराला सुई टोचतात तेव्हा बाप बसतो तसा.

लग्न ऐन मे महिन्यातलं. एका भाजीवाल्याचा टेम्पो मी मागून घेतला. मीच चालवला. पत्र्याचं अंग पोत्यांत, मिस्त्री आणि ही मागं. वसमत सोडलं तसा मिस्त्री मागं पोत्यातल्या पत्र्यावर पेर वाजवत राहिला. हट्ट्याच्या अलीकडं एका बाभळीखाली टेम्पो लावला आणि तिथं त्याला अंग चढवलं. बंडी हिनं घागरीतल्या पाण्यात भिजवून दिली. डोकं बसवायच्या आधी तो गावाकडं बघत उभा राहिला. मी विचारलं, "भीती वाटते का?"

"न्हाई," म्हणाला. "तिचं तोंड बघायचं, एवढंच. लहान व्हती तेव्हाचं लक्षात आहे. आता ते मोठं झालं असंल ना."

मी कडी लावली.

मांडवाच्या गेटावर त्यानं जे काम केलं ते बँडवाला नंतर कितीतरी दिवस सांगत होता. लेकरं आधी रडली, मग लटकली. तो चालला की पेट्यांचा ढीग कोसळल्यासारखा आवाज व्हायचा. बायाबापड्या थांबून छातीवरचा गुलाब बघायच्या. मी त्याच्या बाजूला राखणदार म्हणून उभा, ही आत बायांमध्ये गेलेली. तिला कोण कुणाकडून आली हे विचारायची सोय नव्हती. ती विचारणाऱ्यालाच कामाला लावायची.

दुपारी ऊन असं की पत्र्याला हात लाववत नव्हता. तेवढ्यात नवरीचा बाप गेटाकडं आला. बारीक अंगाचा, पांढरी टोपी, लग्नाच्या धावपळीनं दमलेला. लेकरांना हाकलायला आला होता. हाकलता हाकलता त्याची नजर मिस्त्रीच्या कोपरावर गेली आणि तिथंच राहिली.

पत्र्याचे दोन काठ एकमेकांत मुडपून जोड करतात. सगळे एकदा मुडपतात. मिस्त्री दोनदा मुडपून वरून एक उलटी घडी द्यायचा. ते त्याच्या बापाचं होतं, तालुक्यात दुसरं कुणी तसं करत नव्हतं. धाकट्यानं अंगठा त्या जोडावरून फिरवला. खांद्यापासून मनगटापर्यंत. पत्रा तापलेला होता, तरी फिरवला. मग त्याचा हात वर गेला, तोंडाच्या कडीवर.

मी पुढं झालो.  मिस्त्री हललासुद्धा नाही. कडी काढली असती तर सगळंच संपलं असतं, किंवा कदाचित सुरू झालं असतं, मला आजही सांगता येत नाही.

लेकरांच्या ओढाओढीत कडी अर्धी निघाली होती. धाकट्यानं ती बोटानं दाबून नीट बसवली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "गर्मी बहुत है. इनको शरबत पिलाओ. और सुनो, इनकी टोपी मत उतारना, बच्चे डर जाएंगे."

एवढं बोलून तो वळला आणि गेला. चालताना त्याचा पाय एका खुर्चीला अडखळला.

शरबत आलं ते प्लास्टिकच्या ग्लासात, त्यात प्लास्टिकची नळी. मी ग्लास धरला. मला वाटलं आता हा मान फिरवणार. हनुवटीखालच्या फटीतून मी नळी आत सरकवली. मिस्त्रीनं ओढायला सुरुवात केली. सगळं प्याला. ग्लास रिकामा झाल्यावरही नळी खुर्र खुर्र वाजत राहिली.

मग रुखसत. बायांचा रडण्याचा आवाज आला, मोटार गेटाला लागली. मिस्त्री सरळ उभा राहिला. आतून नवरीला आणलं, दोन्ही बाजूंनी धरून.

आणि तिच्या तोंडावर लाल ओढणी होती, ओढणीवर फुलांच्या माळा सोडलेल्या. हनुवटीसुद्धा दिसत नव्हती.

मी कपाळावर हात मारला. एवढे महिने आम्ही एकाच तोंडाच्या मागं लागलो होतो, मिस्त्रीच्या. ते कसं झाकायचं, कडी कुठं, छेद किती. नवरीचं तोंडही झाकलेलं असतं हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आपल्या हातानं कितीतरी नवरींच्या पेट्या केलेला माणूस, त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मी, ज्याच्या तांड्यावर बायका मरेपर्यंत पदर ओढतात, माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

गेटाशी बापानं पोरीला थांबवलं. "बेटी, इनको भी सलाम करो. दूर से आये हैं."

पोरगी वळली. ओढणीतून तिला काय दिसत असेल ते तिलाच ठाऊक. तिनं सलाम केला. मेंदीचा हात पुढं करून पत्र्याच्या छातीवर ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागं घेतला.

"कितना तपा है," ती म्हणाली.

तेवढंच. तिला मोटारीत बसवलं. मोटार गेली. बँडवाले वाद्यं आवरायला लागले. मिस्त्री उभाच. मी खांद्यावर पेर वाजवलं तेव्हा चालायला लागला.

बाभळीखाली आलो. मी कडी काढायला गेलो तर त्यानं पत्र्याचा हात कडीवर ठेवला. काढू दिली नाही. तसाच टेम्पोत मागं चढला, आम्ही दोघांनी ढकलून चढवला. ही त्याच्यासमोर बसली. मला म्हणाली, "तुमी चालवा. मागं बघू नका."

मी चालवत राहिलो. इंजिनच्या आवाजात मागून हिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. वसमत गेलं तरी ती बोलून राहिली होती. मधेच पत्रा वाजायचा. घरी आल्यावर मी विचारलं, एवढं काय बोलत होतीस. तेव्हा तिनं सांगितलं. ती आत नवरीपाशी जाऊन बसली होती. बायांना ओढणी उचलता येते. तिनं उचलून बघितलं होतं, चांगलं निवांत बघितलं होतं. आणि येताना सगळं तोंड त्याला सांगितलं. नाक तुमच्यावर गेलंय. हनुवटीला खळी हाय. रडताना एक भुवई वर जाते. सुरमा पसरला व्हता, मी पुसला. दात जरा पुढं हाईत, लहानपणी अंगठा चोखायची का? आणि मिस्त्री आतून हो म्हणायला एकदा टक, नाही म्हणायला दोनदा टक असं करत होता.

"पोरीनं वळखलं का त्याला?" मी विचारलं.

"मला काय ठाव? तिनं बडे अब्बाचं नाव न्हाई काढलं. मी बी न्हाई काढलं."

ते अंग त्यानं थोड्याच दिवसांत मोडलं. पत्र्याच्या पेट्या केल्या. गिऱ्हाइकाला पाठीच्या पत्र्याची पेटी दिली तेव्हा छेद बुजवून दिले. भाऊ पुन्हा भेटले नाहीत. पण त्या सालापासून ईदला हट्ट्याच्या एसटीनं प्लास्टिकच्या डब्यात शीरखुर्मा यायचा, कंडक्टर हॉटेलात ठेवून जायचा. मिस्त्री तो आपल्या पत्र्याच्या वाटीत ओतून खायचा आणि प्लास्टिकचा डबा घासून, उन्हात वाळवून, त्याच गाडीनं परत पाठवायचा. डब्यात काही घालायचा नाही. फक्त पाठवण्याआधी त्यावर पेर वाजवायचा.

मग माझी बायको गेली. तापाचं निमित्त झालं. तेराव्यापर्यंत माणसं होती, नंतर ज्याची त्याची कामं. भट्टी मी पेटवली नाही. बाकड्यावर बसून राहायचो. तिचा फोटो एकच, मतदान कार्डावरचा, आणि त्यात ती भलत्याच कुणा बाईसारखी दिसते. डोळे मिटून आठवायला गेलो तर आवाज यायचा, शिव्या यायच्या, तोंड यायचं नाही. एवढा संसार केला आणि तोंड यायचं नाही. हे कुणाला सांगायचं? लोक म्हणतील म्हातारा भ्रमला.

मिस्त्री एका दुपारी आपला पत्र्याचा मग घेऊन आला. चहा नाही हे त्याला दिसत होतं, तरी मग घेऊन आला. समोर बसला. मी कसा आहे, जेवतो की नाही, असलं काही विचारलं नाही. थंड भट्टीवर पेर वाजवलं. बराच वेळ रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिला.

मग म्हणाला, "भाऊ, त्या दिवशी टेम्पोत तुमी पुढं व्हता. तुमी न्हाई बघितलं."

"काय न्हाई बघितलं?"

"भाभीला. बोलताना."

मी बाकड्यावर त्याच्याकडं सरकलो.

"वारा लय व्हता," तो म्हणाला. "पदर दातात धरून बोलत व्हती. पोरीचं नाक कसं हाय सांगायला सोताचंच नाक वढून दाखवलं. भुवई सांगायला भुवई वर केली, एक वर जाईना, दोन्ही जायल्या, मग हसली. हसता हसता रडली. रडली म्हणून मलाच शिव्या दिल्या. इथं, डोळ्याच्या खाली, केस चिकटले व्हते घामानं. मला त्या फटीतून दुसरं काय दिसतच नव्हतं ना. हट्ट्यापास्नं वारंग्यापर्यंत तेवढंच बघितलं."

तो थांबला. आठवत होता.

"हिरवी साडी व्हती," म्हणाला.

हिरवी साडी तिच्याकडं कधीच नव्हती. हिरवा रंग तिला खपत नव्हता.

"व्हय," मी म्हणालो. "हिरवी व्हती. पुढं सांग."